छप्पन एपीओ

भूगोलाच्या नकाशात मी ते गाव शोधलं होतं.
चौथीत, खडकीच्या शाळेत, मागच्या बाकावर.
हिमाचलच्या वर बघितलं, आसामच्या कडेकडेनं बोट फिरवलं,
बाबांच्या पत्रावर स्वच्छ लिहिलेलं, ५६ एपीओ,
आणि ते कुठंच नव्हतं.
बाईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत.
त्यांचा भाऊही तिथंच होता.

आमची ट्रंक काळी. वर पांढऱ्या रंगात
नंबर, हुद्दा, हौसेराव काटकर, बॉम्बे सॅपर्स.
झाशी पुसून मिसामारी, मिसामारी पुसून पठाणकोट.
रंगाखालची जुनी अक्षरं बोटांना लागायची,
अंधारातही वाचता यायची.
मिसामारीला अंधार पुष्कळ होता.

बाबांचं काम पूल बांधायचं.
एकदा दापोडीला घरच्यांना बोलावलं होतं बघायला.
सव्वा तासात लोखंडी पूल उभा.
आधी रणगाडा गेला, मग साहेब, साहेबांच्या बायका,
मग आम्ही मुलं, एका वेळी दहा.
समोसा खाऊन बसमध्ये चढताना मागं पाहिलं
तर जवान पूल उलगडत होते,
पिना मोजून पेटीत टाकत होते.
मी भोकाड पसरलं.
बाबा म्हणाले, अगं, उलगडता येतो
तोच आमच्यात चांगला पूल.

आई घरही तसंच उलगडायची.
पडद्याच्या कड्या बावीस, बरण्या वर्तमानपत्रात,
तुळस शेजारणीच्या ओटीत घालावी तशी तिच्या हातात.
मग एमईएसचा माणूस वही घेऊन यायचा:
पलंग चार, खुर्च्या सहा, टेबल एक.
सगळ्यांच्या पाठीवर सरकारी आकडे.
एक खुर्ची मी मोडली होती, झोके घेत.
आईनं बत्तीस रुपये भरले.
तेवढी एकच खुर्ची आमची झाली,
आणि ती न्यायची परवानगी नव्हती.

पुण्यात परत आले तेव्हा जीभ अर्धी हिंदी.
कर्वेनगरला आत्याकडं स्वयंपाकघरातून ओरडले,
'जेवण लागलं!'
सगळ्या धावत आल्या, करपलं काय म्हणून.
अजून लग्नकार्यात कुणीतरी ते सांगतंच.
मीही हसते.
लालरेमी असती तर तिला कळलं असतं.
तिनं पत्र लिहीन म्हटलं होतं. लिहिलं नाही.
मी तरी कुठं लिहिलं.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही.
त्या उन्हाळ्यात खडकीच्या क्वार्टरांत बाप्ये नव्हतेच,
नुसत्या आया आणि पोरं.
हिरवी जिप्सी आमच्या लाइनीत वळली
की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या
आणि एकमेकींकडं बघायच्या नाहीत.
त्या दुपारी ती आमच्या दारासमोर हळू झाली,
आणि पुढं गेली.
गुरनाम काकांच्या दारात थांबली.
आईनं सोडलेला श्वास मी ऐकला.
मग तिनं गॅस बंद केला आणि अनवाणी धावली तिकडं,
रात्रभर आली नाही.
काकींचं डोकं तिच्या मांडीवर होतं म्हणे.
त्या श्वासाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.
आता आई नाही.

बाबा धानोरीत राहतात, दोन खोल्या, स्वतःच्या.
ट्रंकेत गोधड्या. पहाटे साडेचारला दाढी.
अकरा वर्षं झाली, भिंतीला एक खिळा नाही.
आईचा फोटो, पदकांची चौकट, कॅलेंडरसुद्धा
जमिनीवर, भिंतीला टेकून,
जणू ट्रक खाली उभा आहे.

परवा मी ड्रिल घेऊन गेले.
बाबांनी भिंत बोटांच्या पेरांनी वाजवून बघितली,
पेन्सिलीनं बारीक फुली मारून दिली,
शिडीही धरली.
मी बटण दाबणार इतक्यात
खालून म्हणाले,
नंतर बुजवता येईल ना गं हे?