चाचणी प्रत

सावद्याला आमच्या केळीच्या ऑफिसात
दोन सॉफ्टवेअरं आलीयत, पंधरा दिवस फुकट.
फेगडेशेठ म्हणाले, तुलना करून ठेव भो.

रकाने आखले. भाव, वेग, मराठी शोध:
'घड' टाकलं की दोघंही 'धड' आणून देतात.

पहिलं बिल्टीवरचा आकडा असा पुसतं
की कागदालाही आठवत नाही.
दुसरं विसरतच नाही,
कोणी उघडली, किती वाजता, आधी काय होतं.
वर माणशी महिना सातशे.

शेठला पहिलं आवडलं.
परवा एकशे बारा क्विंटलचे
एकशे दोन केले त्यात. मीच केले.
माल खिरोद्याच्या झोपेकाकांचा.

प्रिंट काढली तर
पानभर आडवं, फिकट:
चाचणी प्रत.
तेवढं पुसायला
पैसे भरावे लागतात.