मिशी, नग चार

सेलूला मोंढ्यामागं बंद जिनिंग होती,
तिच्यात पन्नालालशेठनं स्टुडिओ थाटला तेव्हा
पत्र्यांना अजून सरकीचा वास होता.
लाईट पेटले की वरून कापसाचे तंतू उतरायचे.
बघणारे म्हणायचे, धुकं काय झकास धरलंय.

तिथंच झाले मिशीवाल्या मुरारीचे सातही भाग.
हिरो तीन बदलले.
पहिला विहिरीच्या शॉटमध्ये पडून कमरेतून गेला,
दुसऱ्यानं पैसे वाढवून मागितले,
तिसरा अंबडचा, तालमीतला, त्याला संवाद पाठ होईनात.
मिशी लावली की तिघंही मुरारीच.
शेठ पेंटरला सांगायचा, तोंड लहान काढ, मिशी मोठी.

मिशी मी करायचो.
मलमलीच्या जाळीवर एकेक केस सुईनं ओवून,
रात्री, गॅसबत्तीपाशी.
केस प्रयागचे.
किती लागतील, तिनं विचारलं होतं.
वीतभर, म्हटलं.
कात्री तिनंच आणून दिली, वर म्हणाली,
"माझ्या केसांना तलवार दे बरं का."
पुढं थेटरात मुरारीनं मिशीला पीळ दिला
की पुढच्या बाकांवरून शिट्ट्या,
आणि लेडीजमध्ये ही, पदर तोंडाशी धरून हसायची.

मागल्या उन्हाळ्यात शेठच्या नातवानं सगळं विकलं.
कंपनी मोठी आहे म्हणे, मोबाईलवर सिनेमे दाखवते,
असले म्हातारे स्टुडिओ टोपलीनं उचलते.
कराराची झेरॉक्स दाखवली त्यानं:
रिळं एकशे बारा, पैकी काही चिकटलेली.
तलवारी लाकडी, नग नऊ.
मुरारी हे नाव, त्याचं हसणं, त्याचा घोडा,
पृथ्वीवर व इतरत्र, कायमस्वरूपी,
आज असलेल्या आणि पुढं निघणाऱ्या सर्व माध्यमांत.
इतरत्र म्हणजे कुठं रे?
काका, तसं लिहायची पद्धत असते.

गर्दीसुद्धा विकली होती.
चौथ्या भागातल्या बाजारात अर्धं सेलू उभं आहे,
पाच रुपये रोज अन् भजी,
त्यात माझा थोरला भाऊ, दोन हातांत दोन कोंबड्या.
तोही गेला आता कंपनीकडं, कोंबड्यांसकट.
आणि शेवटच्या पानावर: मिशी, नग चार.
तीन गोदामात उंदरांनी खाल्ल्या.
चौथी माझ्याकडं.

ऋत्विजा नावाची पोरगी आली, पाठीवर सॅक,
चहा बशीत ओतून प्यायली, बरी वाटली.
आठवा भाग काढणार म्हणाली,
हिरो नाही, मिशी नाही, सगळं संगणकात उगवणार.
फक्त एकदा मूळची द्या, यंत्राखाली धरून
केसन् केस मोजून घेऊ.
मी तिचंच पेन घेऊन सही केली.
उद्या ये, म्हटलं.

त्या रात्री चाळीस वर्षांनी सुई धरली.
चष्म्यावर चष्मा.
शेजारच्या लतिफभाईची काळी बकरी,
तिचं शेपटीकडचं वीतभर, न विचारता.
पहाटेपर्यंत झाली. वाईट नव्हती झाली.
"ओरिजिनल!" पोरगी म्हणाली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत घालताना हात थरथरला तिचा.
मला जरा कसंतरीच झालं.

आता पृथ्वीवर व इतरत्र
मुरारी पीळ देणार लतिफभाईच्या बकरीला.

प्रयागला सांगितलं तर ती चिडलीच.
"द्यायची की! गेले असते मी तिकडं, इतरत्र."
मग बिस्किटाचा डबा मागितला.
डोक्यावरचे तिचे पांढरे झालेत,
अंबाडा लिंबाएवढा.
डब्यातले काळेभोर, तेल लावल्यासारखे.
बराच वेळ बघत बसली.
मग मिशी उचलून ओठावर धरली,
गोंद नाही, नुसत्या दोन बोटांनी,
आणि भुवई चढवून दाराकडं गरजली,
"कोन हाय रं तिकडं?"

गल्लीतलं कुत्रं उठलं,
इकडंतिकडं बघितलं,
जागा बदलून परत झोपलं.