रात्रपाळीचे टॅब

मालकांनी माउस काढून नेला त्या आठवड्यात मी दिवसपाळीला होते.
स्क्रीनवर पत्त्यांचा डाव सापडला होता,
कुणाचा, ते कुणी बोललं नाही.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये काचेची एक खोली,
पलीकडे चोवीस माग,
आणि टेबलावर कापसाची लव बसून राखाडी झालेला कीबोर्ड.

सकाळी आठला खुर्ची अजून गरम असायची.
रात्री चिलवेरी म्हणून कुणी बसतात, एवढंच ठाऊक.
चाळीस वर्षं जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं ठोकली त्यांनी.
कार्डं गेली, माणूस इथे आणून बसवला.

एका नव्या टॅबमध्ये एकच ओळ होती:
"माउस कुटं गेलं ओ बाई?"

मी खाली लिहिलं: आता येणार नाही.
कंट्रोल धरून पेज डाऊन दाबा, पुढचा टॅब.
पेज अप, मागचा.
आल्ट आणि एक, की थेट रंगांचा हिशेब.
आल्ट दोन, टॉवेलची मापं. तीन, तुटलेल्या धाग्यांची वही.
असं नऊपर्यंत.

"आन् धाव्याला?"

दहाव्याला नंबर नाही, काका. चालत जायचं.

त्याच पानावर खाली जागा असते,
हे त्यांना कधी उमगलं नाही.
दर प्रश्नाला नवं पान, नाव घालून जतन केलेलं:
चिलवेरी एक, चिलवेरी दोन, चिलवेरी एकोणीस.
(जतन करायला मी शिकवलं नव्हतं.
एक कार्ड हरवलं तर अख्खी वेल वाकडी जाते,
हे हातांना माहीत असलेला माणूस.)
वरच्या पट्टीत टॅब इतके आक्रसले
की नावातला 'चि' तेवढा उरला.
लग्नपत्रिकेतल्यासारखा. साठीच्या माणसाला.
सकाळी मशीन जागं केलं की
चि चि चि चि,
पत्र्याखाली चिमण्या बसल्यागत.

"बंद करायचं काय दाबू?"
कंट्रोल डब्ल्यू.
"डब्ल्यू पुसून गेलंय."
क्यूच्या शेजारी बघा.
"क्यू पण."

मग मी डब्ल्यूवर पिवळ्या सुताचा तुकडा चिकटवला.

"सापडलं. डब्यातली शेंगाचटणी तुमची होती काय?
थोडं खाल्लो मी."

"चुकून बंद झालं तर?"
कंट्रोल, शिफ्ट, टी. गेलेला परत येतो.
"किती वेळा?"
मोजलं नाही, काका.

सोमवारी खुर्ची गार होती.
माझे नऊ जागच्या जागी,
दहाव्यापासून पुढे कोरी पट्टी.
मी कंट्रोल, शिफ्ट, टी दाबलं.

शेवटचा आधी आला:
"रात्रपाळी आजपासून बंद. लेकीकडं निघालो, कामारेड्डीला.
माझे टॅब एकेक करून बंद केलो, पहिल्यापासून.
तुमच्या कामात गर्दी नको."

पुन्हा दाबलं. किती वेळा.
पुन्हा. चटणी.
पुन्हा. क्यू पण.
पलीकडे माग सुरू झाले, काच थरथरायला लागली,
दारात रंगाऱ्याचा मुलगा आकडे मागत उभा,
आणि मी दाबतेय, दाबतेय,
धाव्याला,
माउस कुटं गेलं ओ बाई.
खाली माझंच उत्तर: आता येणार नाही.

इथे संपायला हवं होतं.
बोट तसंच होतं, म्हणून आणखी एकदा दाबलं गेलं.

हा मी कधीच पाहिला नव्हता.
माउस होता तेव्हाचा असणार,
रात्रीच उघडून रात्रीच मिटलेला. नावात आकडा नाही.

राजशम
राजेशम
राजेशमम
राजेशम
राजेशम चिलवेरी
राजेशम चिलवेरी
राजेशम चिलवेरी

मुलगा म्हणाला, ताई, आकडे.
मी आल्ट एक दाबलं.