कौनास, तिसरा मजला

घरी यादीत माझा नंबर तीन वर्षांनी.
तोवर मोजे कोण चढवणार? शेजारचा डेक्लन, रोज?
अकरा मेंढ्या विकल्या
आणि लिथुआनियाला आलो.

सर्जननं निळ्या पेननं मांडीवर बाण काढला:
हाच ना?
हाच.

चौथ्या दिवशी जिन्यापाशी व्हिल्मान्ते सांगते,
चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा.
ती मोजते: व्हिएनास, दू, त्रीस.
मी शाळेतल्या आयरिशमध्ये: हेन, दो, त्री.
तीनवर दोघं एकदमच पोचतो
आणि कठडा धरून हसत उभे राहतो.

वाकायचं नाही, मांडीवर मांडी नाही, सहा आठवडे.
बिटाचं गार गुलाबी सूप; मला आधी औषधच वाटलं.
चमचा पडला, तो पडूनच.

संध्याकाळी विचारलं, जुनं हाड कुठं गेलं?
तिनं खांदे उडवले.
अडुसष्ट वर्षं त्याच्यावर भार टाकून
फाटकाशी रेलत आलो,
नोराला एकदा नाचवलंही. वाईट.
आता मुठीएवढा मी
या गावात, जिथं मला कोणी ओळखत नाही.

उद्या विमान.
चमचा अजून खाटेखालीच.