पन्नासावा

वेखंड मी अजून पहाटेच कापते,
नदीच्या आतल्या वळणावर, गुडघाभर गाळात.
पोलंडच्या या टोकाला पेंटेकॉस्टला
चर्चच्या फरशीवर वेखंड पसरतात,
दाराला बर्चच्या कोवळ्या फांद्या बांधतात.
पाद्री म्हणतात, आज चर्चचा वाढदिवस.
मी मान हलवते. लक्ष उत्तरेच्या खिडकीकडे.

ती काच कोपलनं बसवलेली.
कोपल काचवाला, आमच्या कुंपणापलीकडचा.
लांबीत त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे,
फांदी बांधताना माझं बोट नेमकं तिथं जातं.

वल्हांडणाच्या दुसऱ्या रात्रीपासून
तो अंगणात उभा राहून मोजायचा.
बसून नाही. उभ्यानं, टोपी नीट करून,
वरून कुणी हजेरी घेत असल्यासारखा.
आज सात दिवस, म्हणजे एक आठवडा.
आज आठ दिवस, म्हणजे एक आठवडा आणि एक दिवस.
आकडे मी शाळेत नाही,
कुंपणाच्या फटीतून शिकले.

दिवेलागणीआधी विचारलं, "आज कितवा?"
तर सरळ सांगायचा नाही.
"काल बावीस होते," म्हणायचा.
आशीर्वादाआधी आकडा तोंडातून निसटला
की त्या दिवसाचं मोजणं सांडलं,
हे त्याच्या राइझानं मला समजावलं,
नाकावर पिठाचा डाग घेऊन.

पन्नासाव्या दिवशी त्यांच्याही घरात हिरवं.
राइझा खिडकीसाठी कागद कातरायची: गुलाब, हरणं,
एकदा माझी बोकड म्हणून चिडवलेली मांजर.
कोपल बाबांकडून वेखंडाची पेंढी न्यायचा,
बदल्यात चीज भरलेली गरम घावनं.
आई म्हणायची, आपलं बघून करतात.
कोपल हसला. "लुडविका, आईला विचार,
तुमचे ते बारा जण त्या सकाळी
त्या घरात कुठल्या सणाला जमले होते?"
मी विचारलं.
थप्पड मिळाली. उत्तर नाही.

त्या वसंतात छत्तीस झाले.
पाच आठवडे आणि एक दिवस.
दुसऱ्या दिवशी त्यांना स्टेशनकडे चालवत नेलं.
आम्ही पडदे ओढून घेतले.
त्यांच्या खिडकीत पडदे नव्हते,
अर्धवट कातरलेला एक गुलाब होता.
महिन्याभरात त्यांचं टेबल आमच्या स्वयंपाकघरात आलं.
कसं, ते घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी आम्ही वेखंड पसरलं.
पाद्रींनी वाचलं: पार्थी, मेदी, एलामी,
लांबलांबून आलेला प्रत्येक जण
ज्याच्या त्याच्या भाषेत ऐकत होता.
लांबलांबून. म्हणजे घरून निघताना
तेही बोटांवर मोजत निघाले असतील,
त्यांच्याही तोंडी तोच हिशोब,
आठवडे आणि वर उरलेले दिवस.
जिभा आगीच्या झाल्या त्या नंतर.
आधी ती माणसं मोजून आली होती.
बाकांवर सगळे "आमेन" म्हणाले.
माझ्या ओठांवर आलं, काल छत्तीस होते.

आता मी मोजते.
ईस्टर आणि वल्हांडण दर वर्षी जुळत नाहीत,
मी कोपलचा हिशोब धरते,
मग आमचा सण कधी आधी येतो, कधी मागून.
रात्री भांडी झाली की अंगणात जाते,
गुडघे कुरकुरतात, तरी उभ्यानं.
काल घंटा वाजवणारा पोरगा
कुंपणावरून म्हणाला, "आजी, आज कितवा?"
"काल एकोणचाळीस होते," मी म्हटलं.
तो वेडी म्हणून हसला आणि गेला.

एक रात्र जरी चुकली
तर पुढे आशीर्वाद म्हणता येत नाही.
नुसता आकडा म्हणायचा.
तेवढं चालतं, राइझा म्हणाली होती.