टोनर

पोवई नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
रात्री साडेअकराला मेल येतो. शटर अर्धं ओढून
मी उद्याचे सीन छापतो, अकरा प्रती, डाव्या कोपऱ्यात एक पिन.
पहाटे चिंधू लोहार एम-एटीवरून येतो
आणि गठ्ठा लिंबला नेतो, जिथं भाड्याच्या घरात
एक खोटं कुटुंब दोन वर्षं नांदतंय.

मालिका मी बघत नाही. छापतो.
त्यामुळं लेखक बदलल्याचं सगळ्यात आधी
माझ्या मशीनला कळलं.

वृंदा केंजळे लिहायच्या तेव्हा
टोनरचा एक डबा सव्वा महिना जायचा.
पानावर पांढरंच फार.
"आत्या भांडं पुसते."
खाली चार बोटं जागा.
"पुसलेलं भांडं पुन्हा पुसते."
संपला सीन.
मला वाटायचं, बाईंना पानामागं पैसे मिळतात की काय.
मग एकदा बायकोनं टीव्हीचा आवाज वाढवला,
आवाज नव्हताच, तरी वाढवला,
आणि रिमोट धरून उभीच राहिली.
त्या दिवसापासून मोकळी जागा
मी जपून छापायला लागलो.

अठ्ठ्याऐंशीव्या भागात आत्यानं
लोणच्याच्या बरणीत एक किल्ली टाकली.
कशाची, ते बाईंनी लिहिलं नाही.
लिहितील, म्हटलं. घाई कुणाला होती.

दोनशे बाराव्या भागाच्या मेलवर नाव दुसरं. निषाद वर्तक.
त्या महिन्यात टोनर अकराव्या दिवशी संपला.
उद्गारचिन्हं! एकेका वाक्यामागं तीन-तीन,
मांडवाच्या दारात बँडवाले उभे असतात तशी.
थोरली सून, जी वर्षभर नुसती दळण आणायची,
एका गुरुवारी विष घेऊन आली.
धाकट्या दिराला जुळा भाऊ निघाला.
आत्याला वाचा फुटली, आणि फुटली ती फुटलीच:
साडेतीन पानं, शाप, मग शपथ, मग पुन्हा शाप.
किल्ली बरणीतच.

आकडे चढले म्हणून सेटवर कंदी पेढे वाटले.
चिंधूनं मला दोन आणले.
गोडच होते, खोटं कशाला बोलू.

आत्याचं काम करणाऱ्या कुमुद शेवडे
एकदा आधारची प्रत काढायला आल्या.
हळूच म्हणाल्या, "आधीच्या सीनची रद्दी आहे का हो?"
ती मी पोरीला दिलेली, गणितं सोडवायला.
"आत्या गप्प राहते" याच्या पाठीवर
एक भागाकार, बाकी सात.
बाईंनी सहा पानं मागून घेतली, भागाकारासकट.

परवा दोन वाजले तरी मेल नाही.
पावणेतीनला आला. छापता छापता दिसलं,
आत्याच्या शापाच्या ऐन मधोमध:
"आई, बीपीची गोळी घेतलीस का. झोप आता, मला उशीर होईल."
एकही उद्गारचिन्ह नाही.
फोन केला. पलीकडं पंख्याची घरघर,
आणि एक आवाज, पंचविशीतला असेल नसेल:
"चुकून पेस्ट झालं, काका. काढून टाका.
चॅनलनं चौथ्यांदा बदलायला लावलाय हा सीन."
काढतो, म्हटलं.

काढलं नाही.
वर चार बोटं, खाली चार बोटं जागा सोडली फक्त,
आणि अकरा प्रतींना अकरा पिना मारल्या.

चिंधू सांगत होता:
शाप देता देता बाई मध्येच थांबल्या.
भिंतीवर आत्याच्या आईचा फोटो आहे, वृंदाबाईंच्या वेळचा,
हार वाळून गेलेला.
त्याच्याकडं वळल्या आणि गोळीचं विचारलं.
कट म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

निषादचा फोन काही आला नाही.
दुसऱ्या रात्रीचे सीन मात्र वेळेवर आले,
त्यात जुळ्या भावाला अपघात होता, आणि सतरा उद्गारचिन्हं.
मी मोजली.
आदल्या दिवशी एकतीस होती.

किल्ली अजून मिठात आहे.
गंजली असेल आता.