टाकीवर कान

लेक्सनं सत्तर लिटरची जुनी टाकी काढली,
व्हॅनच्या पोटाखाली एकशे चाळीसची चढवली.
आतला तरंगता गोळा मात्र जुनाच, आखूड दांडीचा.
नवा मागवायचा तर तीन आठवडे,
आणि मला मंगळवारी निघायचं होतं.
"चालेल," तो म्हणाला, हात पुसत.
लेक्सच्या गॅरेजात हा एक शब्द
पुष्कळ गाड्यांपेक्षा जास्त चाललेला आहे.

मी कान तपासते.
व्हॅनमध्ये मागे एक खोली आहे, कपाटाएवढी.
स्पंजाच्या भिंती, खुर्ची, हेडफोन, एक बटण.
मेंढ्यांच्या फार्मांवरची, खाणींतली माणसं
आत बसतात, दार ओढून घेतात,
शिट्टी ऐकू आली की बटण दाबतात.

पोर्ट ऑगस्टा सोडलं. काटा भरलेला.
हॉकर. भरलेला.
मारीच्या पुढे डांबर संपलं, चाकांखाली लाल माती,
तरी भरलेला,
जेवण उरकूनही पंगतीतून न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.
पाचशे किलोमीटर जणू फुकटात.

विल्यम क्रीकच्या अलीकडे तो जो उठला
तो बसायचं नावच घेईना.
ऊडनाडाटा अजून साठ किलोमीटर,
आणि काटा शून्याखाली, पिनेला टेकलेला.
मी एसी बंद केला. रेडिओ बंद केला,
रेडिओला कुठे डिझेल लागतं, तरी.
मग इंजिनच बंद करून थांबले.
उरलेलं वाचवायला.
कशासाठी वाचवायचं, ते विचारू नका.

तीन तास माश्या.
मग एक पिवळा ग्रेडर, ताशी दहाच्या वेगानं,
रस्ता विंचरत आला.
त्यावरून झ्लात्को उतरला, कुबर पेडीचा,
ओपल खणून कंटाळलेला, असं तोच म्हणाला,
म्हणाला म्हणजे ओरडला.
काटा बघितला. टाकी बघितली. हसला.
पाना घेऊन व्हॅनखाली सरपटत गेला,
आणि मलाही बोलावलं, "ये, कानवाली, ऐक."

धुळीत पाठीवर पडून मी ऐकलं.
वरून खाली ठोकत आला:
टण्. टण्. टण्. टण्.
आणि तळापासून वीतभर वर
ढब्.
"ढब् म्हणजे चाळीस लिटर," तो ओरडला.
"दांडी आखूड आहे.
वर पोचत नाही, खाली पोचत नाही.
मधलं तेवढं तिला कळतं."
मी म्हटलं, तुम्हाला आवाज येतो?
तो म्हणाला, "काय?"
मी पुन्हा विचारलं.
त्यानं पाना माझ्या हातात दिला
आणि स्वतःचा तळवा पत्र्यावर पालथा ठेवला.

तपासणी रस्त्यातच केली.
झ्लात्को कपाटात मावेना, गुडघे दाराला.
पहिल्या शिट्टीला बटण. दुसरीला बटण.
मग मी शिट्टी वाजवलीच नाही,
तरी बटण.
पुन्हा शांतता, पुन्हा बटण,
अगदी वेळेवर, तालात,
काचेपलीकडून माझ्याकडे बघत, खूश.
मी कागदावर खरे आकडे लिहिले.
तो घडी करून त्यानं टोपीत खोचला, न वाचता.

लेक्सचा फोन येतो अधूनमधून,
लांब दांडीचा गोळा कधीचा आलाय, फळीवर पडलाय.
येते म्हणते.
डायलवर चिकटपट्टी लावली आहे मी,
तिच्यावर बॉलपेननं माझ्या खुणा,
एक खूण धुळीनं पुसली की दुसरी.
पाना सीटखाली असतो.

परवा ऊडनाडाटाच्या पुढे काटा पिनेला टेकला.
मी उतरले. ठोकलं. टण्, टण्.
दूर क्षितिजावर पिवळं काहीतरी हलत होतं,
ग्रेडर असेल, किंवा उन्हाचं नुसतंच.
मी हॉर्न वाजवला, लांबलचक.
मग आठवलं,
आणि दोन्ही हात वर करून हलवले.